खूण झाली, मी झालो नाही

मी इंग्रजीतला इन्फिनिटिव्ह बोलतोय. नाव ऐकून पान उलटू नका. नाव जड आहे, मी हलका आहे. क्रियापदाच्या आधी 'टू' हा एवढासा शब्द लावला की मी तयार. टू गो म्हणजे जाणे. टू ईट म्हणजे खाणे. टू स्लीप म्हणजे झोपणे. बस, एवढाच मी. शाळेत ज्यांनी माझ्यापायी छडी खाल्ली त्यांना मी आठवत असेन. बाकीच्यांनी नुसतं 'टूवाला' म्हटलं तरी चालेल.

आधीच सांगून टाकतो, मला फारसं काही वाटत नाही. तशी माझी घडणच नाही. दुसरी क्रियापदं बघा. 'गेला' म्हटलं की कोणीतरी गेलेला असतो आणि कोणीतरी दारात उभं राहून त्याच्या पाठीकडे बघत असतं. 'येईल' म्हटलं की कोणीतरी वाट बघत असतं. माझ्यात कोणीच नाही. जाणे. कोण जाणार, माहीत नाही. कधी, तेही माहीत नाही. काल, आज, उद्या मला सारखेच. मी म्हणजे न झालेलं काम. उंबऱ्यावर उभं. आत नाही, बाहेर नाही.

माझा जन्म कधीचा ते मलाही नीट आठवत नाही. फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा म्हणे मला 'टू' नव्हता. शब्दाच्या मागे एक शेपटी होती, तिच्यावरून लोक मला ओळखायचे. पण माणसं घाईघाईत बोलतात, शेवटची अक्षरं गिळतात. बोलून बोलून ती शेपटी झिजली आणि गळून गेली. मग गर्दीत मला ओळखायचं कसं? म्हणून पुढे 'टू' दिला. लहान पोर हरवू नये म्हणून कोणीतरी त्याचा हात धरून चालतं ना, तसा. तेव्हापासून त्याने माझा हात धरलाय.

मला जिथे लिहितात तिथूनच मला दिसतं. पुसलं की अंधार. त्यामुळे माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांची आहे.

एक तुकडा सातवीच्या वर्गातला. फळा, खडू, आणि एक सर. सरांच्या बाहीला कायम पांढरी भुकटी लागलेली. ते म्हणायचे, "टू दिसला की पुढच्या क्रियापदाने अंगावरचे सगळे कपडे काढून ठेवायचे. एस नाही, ईडी नाही, आयएनजी नाही. उघडं-वाघडं यायचं!" वर्ग फिदीफिदी हसायचा. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने हात वर केला.

"सर, टू गो म्हणजे जाणे. पण कोण जाणे?"

सरांनाच हसू फुटलं. "बरोबर विचारलंस. कोण जाणे!"

तिने ते उत्तरसुद्धा वहीत लिहून घेतलं. अशी मुलगी. तिच्या वहीत मी दोन पानं भरून होतो. टू रीड, टू सिंग, टू रन. अक्षर गोल, ओळीवर बसवलेलं, जरा दाबून लिहिलेलं. चुकलं तर काय, अशी भीती त्या अक्षरात दिसायची.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. वही काही दिवस फळीवर होती, मग तिची पानं कपाटाच्या खणात अंथरली गेली. माझ्यावर बशा आल्या. बरीच वर्षं मला बशांचे तळ दिसले. मला काही तक्रार नव्हती. बशीचा तळ काही वाईट नसतो.

मधल्या वर्षांत मी इतरही पुष्कळ ठिकाणी होतोच. मला एका वेळी हजार जागी राहायची सवय आहे. माणसांची एक गंमत सांगतो. सकाळी उठून ती मला यादीत लिहितात, टू कॉल, टू बाय, टू क्लीन, आणि लिहिल्या-लिहिल्या त्यांना निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. चहा पितात. काहीजण तर झालेलं काम मुद्दाम यादीत लिहितात आणि लगेच त्याच्यावर रेघ मारतात, नुसतं बरं वाटावं म्हणून. मी हसत नाही. मी यादीत उभा राहतो. रेघ आली की जातो.

मग मी त्या पाळणाघरात आलो.

दोन खोल्या होत्या. एकीत पाळणे आणि गाद्या, दुसरीत ओटा, दुधाच्या बाटल्या, आणि वाळत घातलेल्या लंगोटांची दोरी. पाळणाघराच्या मालकीणबाईंनी प्रत्येक मुलाच्या नावाचं एक जाड कार्ड कॉम्प्युटरवर छापून घेतलं होतं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत भारी दिसतं. ते कार्ड त्या त्या मुलाच्या पाळण्याच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेलं. त्यावर वरच्यावर पुसता येईल असा गुळगुळीत कागद चिकटवलेला. पाच ओळी, पाचही माझ्या. टू फीड. टू चेंज. टू गिव्ह सिरप. टू वॉश. टू स्लीप. प्रत्येकीपुढे एक चौकोन, खूण करायला.

मुलं सांभाळायला दोन मावश्या होत्या. थोरली मावशी एकोणीस वर्षं तिथे होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी जागेवरून पाठ होत्या. पहिली दूध, दुसरी लंगोट, तिसरी औषध. धाकटी मावशी नवी होती, घाबरट. दूध कोमट आहे का ते पाहायला तीन वेळा मनगटावर टाकायची.

ज्या पाळण्यावरच्या कार्डाची ही गोष्ट आहे, त्या पाळण्यात एक अकरा महिन्यांची मुलगी असायची. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे. ठिपकीला झटके यायचे. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. औषध सुरू केल्यापासून चार महिन्यांत एकदाही आला नव्हता. औषध दिवसातून तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी घरी, दुपारी एकला पाळणाघरात.

पहिल्या दिवशी ठिपकीची आई कार्डाजवळ आली. तिसऱ्या ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचलं, "टू... गिव्ह... सिरप." मग स्वतःशीच म्हणाली, "देणे." आणि वळून विचारलं, "मावशी, पण हे कोण देणार?"

तेव्हा मी तिला ओळखलं. बाकावरची मुलगी. आता एका मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावायचं काम करत होती. मोज्यात डावा-उजवा नसतो, तरी एकाची वीण सैल आणि दुसऱ्याची घट्ट निघते. असे दोन एका जोडीत न येऊ देणं हे तिचं काम. दिवसभर मोजे ताणून बघायचे.

थोरली मावशी म्हणाली, "मी देणार, अजून कोण? माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

"आणि मावशी, एकदा खूण दिसली की परत नाही हं द्यायचं. दोनदा गेलं तर ती झोपेतून उठायची नाही, डॉक्टर म्हणाल्यात."

"बरं."

"धाकट्या मावशींनापण सांगते. खूण असेल तर नाही म्हणजे नाही. तुम्ही दोघी आहात ना, म्हणून. एकीने दिलं आणि दुसरीला माहीतच नाही, असं नको."

"अगं बाई, तूच ये उद्या. माझ्या मांडीवर बस, तुलाही भरवते," थोरली म्हणाली. धाकटी तोंडाला हात लावून हसली. आई हसली नाही. दारापर्यंत गेली आणि परत येऊन तेच पुन्हा सांगितलं. मग रोज सांगायची. पंधरा दिवसांनी मावशी तिच्या आधीच म्हणायची, "खूण असेल तर नाही म्हणजे नाही. पाठ झालं. जा, तुझी बस चुकेल."

आता मावशीची एक सवय सांगायला हवी. मालकीणबाई रोज साडेअकराला फेरी मारायला यायच्या. पाळण्यापाळण्यापुढे थांबून कार्डं बघायच्या. चौकोन रिकामे दिसले की कपाळाला आठी. आणि अकरानंतर मावशीचे हात कधी कोरडे नसायचे. एक पोर काखेत, एक पायाशी, हाताला पेज नाहीतर साबण. पेन धरणार कशाने? म्हणून अकरा वाजता, पोरं जरा शांत असताना, मावशी निळं पेन घ्यायची आणि सगळ्या कार्डांवरच्या सगळ्या चौकोनांत सटासट खुणा करून टाकायची. झालंच समजायचं.

मावशी खोटी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. एक वाजला की ती ठिपकीची बाटली काढायची, चमचा भरायची आणि पाजायची. चार महिन्यांत एकदाही चुकली नाही. मी रोज अकरा ते एक खोटा असायचो आणि एक वाजता खरा व्हायचो. रोज दोन तास. मला त्याची सवय झाली. सगळ्यांनाच झाली, कारण आईशिवाय कोणी विचार करत नव्हतं, आणि आईला सवय माहीत नव्हती.

त्या दिवशी बारा वाजता मावशीचा फोन वाजला. तिच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवसांच्या आधीच. मावशीने हातातलं पोर धाकटीकडे दिलं. चपला उलट्या पायांत घातल्या, परत काढल्या, परत घातल्या.

"सगळं कार्डावर आहे, बघून घे," धाकटीला म्हणाली आणि गेली.

सगळं कार्डावर होतं. पाच ओळी, पाच खुणा.

एक वाजता धाकटी मावशीला औषध आठवलं. ती विसरली नाही, हे लक्षात घ्या. तिने ठिपकीच्या पिशवीतून बाटली काढली, चमचा धुतला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्यापुढे निळी खूण होती. तिचं बोट तिथेच थांबलं.

"अगं बाई, झालंय की," ती म्हणाली. "बरं झालं बघितलं. नाहीतर दोनदा गेलं असतं." आणि तिने सुटकेचा श्वास सोडला, झाकण घट्ट लावलं, बाटली पिशवीत ठेवली.

मी तिच्यापासून एक वीतभर अंतरावर होतो. माझं काम झालं नव्हतं आणि ते फक्त मला माहीत होतं. ओरडायला तोंड नाही. हलायला अंग नाही. ठिपकी पाळण्यात स्वतःचा पाय धरून तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. दीड वाजला. दोन वाजले. ती झोपली. मला काय वाटलं असं विचाराल तर, काही नाही. खिळ्याला टांगलेल्या कार्डाला काय वाटणार. पण त्या दिवशीची दुपार मला अजून पाठ आहे.

पावणेसहाला आई आली. ठिपकीला कडेवर घेत तिने रोजचंच विचारलं, "दिलं ना?"

"हो. खूण आहे, बघा ना," धाकटी म्हणाली. आईने बघितलं. माझ्याकडेच बघितलं. मान हलवली आणि गेली.

त्यानंतर बसथांब्यावर जे झालं ते मी पाहिलं नाही. मला ते नंतर कळलं, हॉस्पिटलमध्ये, कारण तिथे डॉक्टरांच्या कागदावर मी पुन्हा होतो. पहिल्याच ओळीत. टू अ‍ॅडमिट.

डॉक्टर बाई होत्या, दमलेल्या. आई समोर बसून सांगत होती. आवाज सपाट, जणू शेजारणीच्या पोरीचं सांगतेय. "कडेवर होती. आधी मान मागे टाकली. मला वाटलं आभाळाकडे बघतेय. मग ताठ झाली. मी मोजत होते, तुम्ही सांगितलं होतं ना मोजायचं. चारशेपर्यंत मोजलं. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं." तिच्या हातात ठिपकीचा एक मोजा होता. दुसरा बसथांब्यावर पडला होता. ती तो एकच मोजा ताणून बघत होती, सैल आहे की घट्ट.

ठिपकी आत झोपली होती. झटका थांबला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दुपारचा डोस गेला होता? नक्की?"

"हो."

"कोणी दिला?"

"मावशीने. खूण होती कार्डावर."

डॉक्टरांनी मान हलवली. "म्हणजे औषध पोटात असताना आलाय. मग हा डोस तिला पुरत नाही. वाढवावा लागेल."

"वाढवल्यावर?"

"थोडी सुस्त राहील. बसायला, उभं राहायला वेळ लागेल. बाकीच्या मुलांच्या मागे पडेल काही दिवस. पण ताई, इलाज नाही. झटके थांबायला हवेत."

 आईच्या तोंडावर काहीच नव्हतं. माझ्यासारखं. डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि मी लिहिला गेलो, टू इन्क्रीज सिरप. वाढवणे. शाई ओली होती.

नर्सने पडद्याआडून कोरडं झबलं मागितलं. आईने पिशवी मांडीवर घेतली. त्यात हात घातला, झबलं काढलं, आणि त्याच्याबरोबर औषधाची बाटली बाहेर आली. त्या बाटलीला तिने कागदाची एक पट्टी चिकटवली होती. रोज सकाळी ती त्या पट्टीवर रेघा ओढायची, दुपारी कुठवर असायला हवं, संध्याकाळी कुठवर. घरात तिची सासू यावरून तिची टर उडवायची, हे ती डॉक्टरांना पुढे सांगणार होती: "सासूबाई म्हणतात, बाटलीला काय पट्ट्या मारतेस, दारूची आहे का ती?" पण आधी ती नुसती बाटलीकडे बघत राहिली. मग ती दिव्यासमोर धरली. मग टेबलावर ठेवली, सरळ, माझ्या शेजारी, आणि खाली वाकून डोळा रेघेच्या बरोबरीला आणला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे दुपारचं आहे."

"काय?"

"दुपारचं यातच आहे. ही सकाळची रेघ. इथेच आहे अजून."

"तुम्ही म्हणालात खूण होती."

"खूण आहे. औषधपण आहे."

डॉक्टरांनी बाटली उचलली, उलट्या बाजूने बघितली. त्यांना आधी पटलं नाही. "अंदाजाने ओढलेल्या रेघा असतील, ताई. अशा रेघांवर मी डोस ठरवू शकत नाही."

"अंदाजाने नाही. अशाच एका रिकाम्या बाटलीत चमच्याने पाणी मोजलं, त्या मापाने ओढल्यात. ती रिकामी बाटली घरी आहे, आणून दाखवते. नाहीतर इथेच मोजा. चमचा आहे माझ्याकडे." आणि तिने खरंच चमचा काढला. तिचा आवाज अजून सपाटच होता. 

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं. बाटलीतलं औषध मोजलं. आईला बाटली कधी उघडली ते विचारलं, बोटांवर दिवस मोजले, तिनाने गुणलं. एक चमचा जास्त निघाला. बरोबर एक.

मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्यावर आडवी रेघ मारली. टू इन्क्रीज गेला. खाली लिहिलं, टू कंटिन्यू. आहे तेच चालू ठेवणे. "मोजलंत म्हणून बरं," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. मला आजवर लाखो वेळा खोडलंय. त्या रेघेचं ओझं मात्र हलकं होतं. यापुढे मला सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी आई पाळणाघरात आली. ठिपकी कडेवर, हाताला चिकटपट्टीचा डाग. थोरली मावशी परतली होती. आजी झाली होती, नातू झाला होता. ती आनंदाने पुढे आली आणि आईचं तोंड बघून थांबली. मालकीणबाई तिथेच होत्या.

"मावशी, त्या दिवशी ठिपकीला औषध पाजलं होतंत?"

"खूण तर होती."

"पाजलं होतंत का?"

"मी बाराला गेले ना गं. पोरीला कळा आल्या..."

"मग खूण कधी केलीत?"

"अकराला," मावशी म्हणाली. "रोज अकरालाच करते." तिने ते सहज सांगितलं, दूध किती वाजता तापवते ते सांगावं तसं. आणि मग तिलाच ते ऐकू आलं. ती मागे सरून स्टुलावर बसली. धाकटी कोपऱ्यात रडायला लागली. "मी बाटली उघडली होती, देवाशप्पथ, चमचापण धुतला होता. तुम्हीच म्हणाला होता ना, खूण असेल तर नाही म्हणजे नाही."

"हो," आई म्हणाली. "मीच म्हणाले होते."

 एका पाळण्यातलं पोर खुळखुळा आपटत होतं.

मालकीणबाई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं इथे आहे ही बाई, पण चूक ती चूक. तुम्ही सांगाल तसं करू. मावशींना काढू का?"

सगळा भार आईवर टाकून त्या मोकळ्या झाल्या. आईने मावशीकडे बघितलं. ठिपकी हात पुढे करून मावशीकडे झेपावत होती. तिला काय माहीत. मावशी तिला घ्यायला उठली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"मावशींना नका काढू," आई म्हणाली. "कार्ड काढा."

तिने स्वतःच मला खिळ्यावरून उतरवलं. कार्डाची मागची बाजू कोरी होती. ओट्यावर ठेवून तिने पट्टीने रेघा आखल्या. वर मराठीत तीन मथळे लिहिले. वाजले किती. काय केलं. कोणी. आणि खाली काहीच नाही. सगळं रिकामं.

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो पण कामं आधी लिहिलेली नसली तर या विसरतील."

"विसरल्या तर रिकामं दिसेल. रिकामं दिसलं की कोणीही विचारेल. भरलेलं असलं की कोणी विचारत नाही." आणि जरा थांबून, "मीपण नाही विचारलं."

"आणि साडेअकराला मी काय बघू?"

"साडेअकरापर्यंत झालेलं बघा."

थोरली मावशी स्टुलावरूनच बोलली. "आता या वयात मला पाटी-पेन्सिल. आजी झाले मी." कोणी हसलं नाही. आईने ते कार्ड उलटं करून खिळ्याला टांगलं, कोरी बाजू पुढे. मी मागे गेलो. तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून आहे.

इथे ओल आहे. रंगाचे पोपडे आहेत. पाचही ओळींत मी तसाच आहे, तिसऱ्या ओळीपुढे ती निळी खूण तशीच आहे, कोणी पुसली नाही. इथून मला दिसत काही नाही. ऐकू मात्र येतं.

पहिले आठ दिवस मावशी आईशी धड बोलली नाही. आई यायची, पोर घ्यायची आणि सवयीने विचारायची, "दिलं ना?" मावशी म्हणायची, "वाच की." आईचं बोट पलीकडून कार्डावर सरकायचं. बोट कुठे थांबतं ते मला जाणवायचं. मावशीचं लिहिणं हळू आहे. एकेक अक्षर दाबून काढते. पेनाचं टोक माझ्या पाठीत रुततं. 'पाजलं.' रोज एवढाच शब्द, आणि खाली तिची सही, वाकडी.

आज दुपारी एक वाजता चमचा वाजला. ठिपकी रडली, खोकली, मग फुर्र असा आवाज आला. मावशी म्हणाली, "अगं बया!"  मग पेन टेकलं. रोजच्यापेक्षा कितीतरी वेळ ते चालत राहिलं, थांबलं, परत चाललं. मला काय लिहिलंय ते कळेना.

संध्याकाळी आईने ते मोठ्याने वाचलं. "निम्मं पाजलं. निम्मं थुंकली. परत दिलं नाही. विचारून देईन."

 मग म्हणाली, "मावशी, थुंकली ते खाली का अंगावर?"

"माझ्या अंगावर. खांद्यावर. धुतलं नाही मुद्दाम. बघायचं असेल तर बघ."

आणि आई बघायला गेली. खरंच गेली. मला तिची पावलं ऐकू आली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज. कोणाचं ते कळलं नाही.

"लाल डाग मोठा आहे," आई म्हणाली. "निम्म्यापेक्षा जास्त गेलंय बाहेर. मी डॉक्टरांना फोन करते."

"कर. इथूनच कर. आणि पोर दे इकडे तोवर."

मी त्या शब्दाचा विचार करत राहिलो. निम्मं. माझ्याकडे तसं काही नाही. देणे म्हणजे देणे. माझ्या चौकोनात खूण असते नाहीतर नसते. निम्म्याला माझ्यात जागाच नव्हती, आणि ठिपकी रोज थोडं तरी थुंकतच असणार, त्या चार महिन्यांतही.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगतो. मला लिहा, खुशाल लिहा, सकाळी यादीत माझी रांग लावा. पण माझ्यापुढे खूण करताना आधी आपला हात बघा, तो कशात भिजलाय. कोरडा असेल तर पेन खाली ठेवा. मला रिकामं ठेवलंत तर मला काही वाटणार नाही. मला भिंतीकडे वळवलंत तरी वाटणार नाही. माझं इथे बरं चाललंय.

पलीकडे फोन लागलाय. आई विचारतेय, राहिलेलं आता द्यायचं का. मावशी सांगतेय, "आधी विचार किती, मग उघडते झाकण."